हिरवा गोंडा

माझ्या हातून इतिहासाची सेवा अशी एकदाच घडली, आणि तीही खोट्या कागदानं. हा कागद म्हणजे एक पिक्चर पोस्टकार्ड. ते मी १६ जून १९८१ रोजी लंडनहून पुण्याला, सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या पत्त्यावर, आजोबांच्या नावे धाडलं. तेव्हा मला सोळावं लागलं होतं, मिशीची रेघ उमटण्याच्या बेतात होती आणि दहावीचा निकाल अजून लागायचा होता. निकाल लागेपर्यंत मराठी मुलगा हुशार समजला जातो, त्यामुळे वाड्यात माझ्या शब्दाला थोडीफार किंमत होती.

आता सदाशिव पेठेतला मुलगा त्या काळात लंडनला कसा पोचला, असा प्रश्न पडेल. त्याचं श्रेय मामीच्या बाळंतपणाला. मामा तिकडे डॉक्टर होता. विलायतेत दवाखाने कितीही चांगले असले तरी अळिवाची खीर करणारं माणूस तिथल्या सरकारकडून मिळत नाही, हे ध्यानात येताच त्यानं आईला तिकीट पाठवलं. डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळाची टोपडी आणि वेखंडाचा तुकडा एवढा ऐवज एकटीनं कसा न्यायचा, म्हणून दुसरं तिकीट माझं. थोडक्यात, मी लंडनला हमाल म्हणून गेलो. पण वाड्यानं मला निरोप दिला तो वकील म्हणून.

कारण आदल्याच वर्षी, म्हणजे १९८० साली, मुख्यमंत्री झालेल्या बॅरिस्टर अंतुल्यांनी शिवाजी महाराजांची भवानी तलवार लंडनहून परत आणण्याची घोषणा केली होती. साऱ्या महाराष्ट्रात तलवारीशिवाय दुसरा विषय नव्हता. ती तिकडेच आहे इथपासून ती तिकडे कधी गेलीच नाही इथपर्यंत सगळी मतं आमच्या एका वाड्यात नांदत होती. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "सरकारचं काय व्हायचं ते होईल. तू डोळ्यांनी बघून ये आणि त्याच दिवशी पत्र टाक." शेजारच्या काकूंनी तर तलवारीला वाहायला म्हणून हळदीकुंकवाची पुडी दिली.

आजोबा काहीच बोलले नाहीत. ते शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. राजवाडे-मेहेंदळ्यांनी १९१० साली काढलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातलं व्याख्यान त्यांनी पाऊस असो वा ताप असो, चुकवलं नव्हतं. कुणी काही सांगितलं की ते तीन प्रश्न विचारत. पाहिलं कुणी? लिहिलं केव्हा? आणि लिहिणाऱ्याचा त्यात लाभ काय? या तीन प्रश्नांमुळे आमच्या घरी भुतं, चमत्कार आणि दूधवाल्याचा हिशेब यांपैकी काहीही टिकत नसे.

फक्त निघायच्या आदल्या रात्री त्यांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, "हे बघ, साताऱ्याच्या राजघराण्यात एक तलवार पूजेत आहे, तीच भवानी असं तिथं मानतात. लंडनला आहे म्हणतात ती कोल्हापूरची. प्रिन्स ऑफ वेल्स १८७५ साली मुंबईत आला तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी नजर केली ती. तिला काही लोक जगदंबा म्हणतात. तेव्हा काय दिसेल ते बघ. काय दिसायला हवं ते बघू नकोस." हे शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण परीक्षेत न येणारी वाक्यं मी त्या वयात लक्षात ठेवत नसे.

लंडनमध्ये त्या उन्हाळ्यात दोनच गोष्टी चालू होत्या. एक म्हणजे २९ जुलैला व्हायचं युवराज चार्ल्स आणि डायाना यांचं लग्न. कपबशीपासून टॉवेलापर्यंत दोघांचे चेहरे छापलेले. आपल्याकडे लग्नात भांड्यांवर नाव घालतात, तिथं सबंध जोडपंच घालत होते. दुसरी गोष्ट तेवढी हसण्यासारखी नव्हती. १३ जूनच्या शनिवारी राणीसाहेब संचलनासाठी घोड्यावरून चालल्या असताना गर्दीतल्या एका सतरा वर्षांच्या पोरानं त्यांच्या दिशेनं सहा गोळ्या झाडल्या. गोळ्या पोकळ निघाल्या, राणीनं बिथरलेला घोडा आवरला आणि संचलन पुढं चालू राहिलं. पण पोरसवदा मुलगा म्हटला की पोलिसांच्या भुवया चढाव्यात, असे ते दिवस. मामाच्या घरी बाळंतिणीच्या खोलीत टेलिव्हिजन नव्हता आणि मी वर्तमानपत्रातली फक्त क्रिकेटची पानं वाचत होतो. त्यामुळे ही बातमी मला कळली ती फारच जवळून.

१६ तारखेला, मंगळवारी, मी मोहिमेवर निघालो. मामीनं छत्री दिली. आईनं खिशात चिठ्ठी कोंबली. त्यावर "मुलगा हरवल्यास खालील नंबरावर कळवावे" असं वळणदार अक्षरात लिहिलं होतं. मराठीत. लंडनमध्ये आपला मुलगा हरवला तर तो कुणातरी देशस्थालाच सापडेल, असा तिचा विश्वास असावा.

पहिला मुक्काम ब्रिटिश म्युझियम. पहारेकऱ्याला मी विचारलं, "व्हेअर इज भवानी?" त्यानं दोनदा म्हणायला लावलं, मग "इंडियन?" असं विचारून बोटानं दिशा दाखवली. मी छाती काढून गेलो, तर समोर देवीची दगडी मूर्ती! माणूस चुकला नव्हता. भवानी म्हणजे देवीच. हळदीकुंकवाची पुडी बाहेर काढायचा मोह मी मोठ्या मुश्किलीनं आवरला.

तिथून साऊथ केन्सिंग्टनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये. तिथं चौकशीच्या टेबलामागं आमच्या काकूंच्याच वयाची, चष्म्याला साखळी लावलेली बाई होती. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. इतकं शांतपणे माझं ऐकून घेणारी बाई मला पुण्यात भेटली नव्हती. मग ती हळू हळू म्हणाली, की प्रिन्स ऑफ वेल्सला मिळालेल्या वस्तू आमच्या नव्हेत, त्या राजघराण्याच्या संग्रहातल्या. म्हणजे त्या राणीकडे.

राणीकडे! पुण्यात एखादी वस्तू अमक्यांकडे आहे म्हटलं की आपण जिना चढून अमक्यांच्या दारात उभे राहतो. मी तेच करायचं ठरवलं.

बकिंगहॅम पॅलेस तिथून अगदी जवळ. सर्कल लाइननं सेंट जेम्सेस पार्क म्हणजे तिसरं स्टेशन. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ ची, आणि तिचं हे वर्तुळ पुरं झालं १८८४ साली. वर्तुळावर एकंदर सत्तावीस स्टेशनं. मी गाडी पकडली ती उलट्या दिशेची. तीन स्टेशनांऐवजी चोवीस स्टेशनं केली. पॅडिंग्टन गेलं, किंग्ज क्रॉस गेलं, टॉवर हिल गेलं, आणि शेवटी सेंट जेम्सेस पार्क आलंच. उलट्या दिशेनं जाऊनही माणूस मुक्कामी पोचतो, अशी ही गाडी. इंग्रजांचा इतिहासही असाच चालला असावा. २००९ सालापासून ती वर्तुळात फिरायची बंद झाली, त्यामुळे आता चुकणाऱ्यांना ही सोय राहिलेली नाही.

राजवाड्याच्या फाटकापाशी एक उंच पोलीस होता. मी त्याला नमस्कार केला आणि म्हणालो, "आय हॅव कम फॉर स्वोर्ड." आमच्या शाळेत डब्ल्यू हे अक्षर फुकट घालवत नसत. ते लिहिलेलं आहे म्हणजे उच्चारायचंच. त्याला कळेना. मी पुन्हा म्हणालो, तिसऱ्यांदा म्हणालो. शेवटी मराठी माणूस परभाषेत अडला की जे करतो ते मी केलं. अभिनय केला. पट्ट्याला अडकवलेली छत्री डाव्या हातानं धरली, उजव्या हातानं म्यानातून उपसावी तशी सर्रकन उपसली, टोक फाटकाच्या दिशेनं रोखलं आणि गर्जलो, "शिवाजी! स्वोर्ड! क्वीन!"

यापुढचं फार भराभर झालं. छत्री माझ्या हातात नव्हती आणि माझे पाय जमिनीला फारसे टेकत नव्हते.

त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. शनिवारचा तो मुलगा ज्या कायद्याखाली पकडला गेला होता तो कायदा १८४२ चा. व्हिक्टोरिया राणीवर पिस्तुलं रोखण्याची साथच आली होती, तेव्हा केलेला. पुढं १८५० साली एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यानं तिच्या डोक्यात वेताची छडी हाणली. त्याला याच कायद्यानं सात वर्षं टास्मानियाला धाडलं. आणि छडी म्हटली की छत्री तिची सख्खी मावसबहीण. शनिवारच्या मुलाला पुढं सप्टेंबरात पाच वर्षांची शिक्षा झाली. हे सगळं मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर छत्री घरीच ठेवली असती, भिजलो असतो तरी चाललं असतं.

एका छोट्या खोलीत माझी झडती झाली. खिशातून निघालेल्या वस्तू अशा : आगगाडीचं तिकीट, अर्धा डिंकाचा लाडू, कागदाच्या पुडीत लाल आणि पिवळी अशा दोन पुड्या, आणि अनोळखी लिपीतला मजकूर, खाली सात आकडे. कटाच्या खटल्याला याहून जास्त पुरावा लागत नसावा. लाडू एकानं हुंगून पाहिला. ते आकडे म्हणजे टेलिफोन नंबर आहे हे समजावताना मला घाम फुटला. अखेर मामाच्या इस्पितळात फोन गेला, "तुमचा भाचा इथं आहे. तो तलवार न्यायला आला आहे." मामाला यायला तास लागणार होता.

त्या तासाभरात एका पिकल्या मिशांच्या पोलिसानं मला चहा दिला, दोन बिस्किटं दिली आणि समोर बसून विचारलं, तलवार कुणाची? मी माझ्या इंग्रजीत शिवाजी महाराजांपासून सुरुवात केली. १६५९, प्रतापगड, अफझलखान, सगळं सांगितलं. मग कोल्हापूर सांगितलं. तो नीट ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे तुमच्या राजानं ती भेट दिली."

"हो," मी म्हणालो.

"केवढा होता तो राजा?"

हे आजोबांनी मला सांगितलं होतं. मी म्हणालो, "बारा वर्षांचा."

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "बारा? त्याला कुणी विचारलं होतं का?"

मला उत्तर आलं नाही. 'तलवार आमची आहे' हे वाक्य मी पुण्याहून पाठ करून आणलं होतं. ती देणारा माझ्यापेक्षा लहान होता, हेही मला ठाऊक होतं. पण या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी कधी ठेवल्या नव्हत्या. ते चौथे शिवाजी महाराज. दत्तक आलेले, अज्ञान, कारभार इंग्रजांच्या हातात. पुढं त्यांना वेडं ठरवून अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात ठेवलं, आणि १८८३ साली, विसाव्या वर्षी, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते गेले. तलवारीवरून आम्ही सगळे इतकी वर्षं भांडलो, पण त्या मुलाबद्दल वाड्यात कुणी हळहळल्याचं मला आठवत नाही.

मामा आला. त्यानं तीन जणांची माफी मागितली, छत्री ताब्यात घेतली आणि घरी पोचेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी एकटा बसलो. वाड्यातले सगळे डोळ्यांसमोर उभे राहिले. पोस्टमास्तर, काकू, त्यांची न वाहिलेली पुडी. "त्याच दिवशी पत्र टाक." मी कार्ड घेतलं. पुढच्या बाजूला चार्ल्स आणि डायाना हसत होते. मागं मी लिहिलं :

"ती. आजोबांस सा. न. वि. वि. आज भवानी तलवारीचे दर्शन घेतले. पाते लखलखीत आहे. मूठ सोन्याची असून तिला हिरवा गोंडा आहे. पाहताना अंगावर काटा आला. सर्वांस सांगावे."

'सर्वांस सांगावे' हे लिहिलं नसतं तर पाप निम्म्यानं कमी झालं असतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात परतलो तेव्हा जिन्यापाशी काकूंनी माझ्या डोळ्यांना पाणी लावलं. तलवार पाहिलेले डोळे म्हणून! पोस्टमास्तरांनी कार्डाची नक्कल आपल्या वहीत करून घेतली होती, टपालाच्या शिक्क्याच्या तारखेसकट. निकालात मला बासष्ट टक्के मिळाले, पण त्याची कुणी दखल घेतली नाही. दखल घेतली जाऊ नये एवढ्यासाठी एरवी मी काय वाटेल ते दिलं असतं. आता मात्र कुणीतरी मार्कांवरून बोलावं असं वाटत होतं. त्यातच वाड्याच्या गणपतीत माझं भाषण ठरलं. विषय : 'मी पाहिलेली भवानी'. फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलंसुद्धा.

भाषणाच्या आदल्या रात्री आजोबांनी हाक मारली. कार्ड त्यांच्या हातात होतं. म्हणाले, "हिरवा गोंडा नक्की पाहिलास?"

मी मान हलवली. कोणत्या दिशेनं ते मलाच कळलं नाही.

"ये इकडे," म्हणून त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. तिथं किराणा दुकानातून मिळालेलं कॅलेंडर होतं. देवी महाराजांना तलवार देते आहे, पातं लखलखीत, मूठ सोनेरी आणि गोंडा हिरवा. मी जन्मापासून तेच चित्र पाहत जेवलो होतो. "छापणाऱ्याची चूक आहे," आजोबा म्हणाले. "असंच चित्र वाण्याच्या दुकानात फ्रेम करून लावलंय, त्यात तांबडा आहे. मी मुद्दाम जाऊन बघून आलो. हिरवा फक्त आपल्या घरात."

मी रडलो. छत्रीपासून सगळं सांगितलं. बारा वर्षांच्या मुलाबद्दल त्या पोलिसानं विचारलेलंही सांगितलं. आजोबा बराच वेळ कॅलेंडरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उद्या हेच सांग. हा प्रश्न आपण विचारायला हवा होता."

दुसऱ्या दिवशी मी हेच सांगितलं. छत्री उपसण्याचा प्रसंग सुरू होताच बायकामुलं हसून हसून लोळली. डिंकाच्या लाडवाच्या झडतीला तर वन्समोअर मिळाला. मी शेवटी हात जोडून म्हणालो की तलवार मी पाहिलेली नाही, पत्र खोटं आहे. टाळ्या पडल्या. मला वाटलं, सुटलो.

पण पोस्टमास्तर उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शाबास! शब्द राखलास!" त्यांनी सगळ्यांना हळूच समजावलं, की पोराला राणीच्या लोकांनी आत नेलं हे तर त्यानंच कबूल केलं. तासभर आत ठेवलं. चहा पाजला. उगीच? तलवार दाखवली आणि बोलायची बंदी घातली. वहीतली नक्कल त्यांनी अखेरपर्यंत खोडली नाही. उलट खाली लिहिलं, 'पुढे दडपणाखाली इन्कार केला.'

दहाएक वर्षांनी नाशिकला एका लग्नाच्या पंगतीत शेजारचे गृहस्थ मला सांगू लागले, की पुण्याच्या एका मुलानं राणीच्या राजवाड्यात भवानी तलवार उपसली होती. पहारेकरी मागं सरले होते. स्वतः राणीनं त्याला चहा पाजला. "आणि मुठीला काय होतं माहिती आहे? हिरवा गोंडा!" मी जिलबी खाली ठेवली. तोवर आजोबा गेले होते, नाहीतर त्यांना नक्की विचारलं असतं, की आता काय करायचं? त्या गृहस्थांचा त्यात काडीचा लाभ नव्हता. आजोबांचा तिसरा प्रश्न इथं थिटा पडत होता. माणूस लाभासाठी खोटं बोलतो तेव्हा त्याला पकडता येतं. प्रेमानं बोलतो तेव्हा त्याला कुठं पकडायचं?

तलवार अजून आलेली नाही. पण जुलै २०२४ मध्ये वाघनखं आली, तीन वर्षांच्या बोलीनं, त्याच साखळीच्या चष्म्यावाल्या बाईच्या म्युझियममधून. साताऱ्याला ती मांडली तेव्हा मी नातीला घेऊन गेलो. ही वाघनखं ग्रँट डफच्या घराण्याकडून आलेली. डफ म्हणजे १८१८ ते १८२२ साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट असलेला आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिणारा. त्यांच्या पेटीवरचा मजकूर वर्तमानपत्रात छापून आला होता : शिवाजीनं याच वाघनखांनी मुघल सेनापतीला मारलं, आणि मराठ्यांच्या पेशव्यांच्या पंतप्रधानानं ती डफसाहेबाला दिली. आमच्या चौथीतल्या मुलालाही ठाऊक असतं, की अफझलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. आणि पेशवा हाच मुळी पंतप्रधान. पंतप्रधानाचा पंतप्रधान म्हणजे कोण? शिवाय १८१८ च्या जूनमध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन होऊन उत्तरेत ब्रह्मावर्ताला रवाना झाला होता. ही अफझलखानाच्या भेटीतलीच वाघनखं असं खात्रीनं सांगता येत नाही, हे म्युझियमनंच सांगून टाकलं आहे.

लोक त्या मजकुरावर चिडले होते, कुणी हसले होते. मला मात्र लिहिणारा ओळखीचा वाटला. तोही असाच एखाद्या रात्री टेबलाशी बसला असेल, घरच्यांना सांगायला काहीतरी हवं म्हणून. त्याच्याही स्वयंपाकघरात एखादं कॅलेंडर असेल.

रांगेत नातीनं विचारलं, "आजोबा, ही खरी आहेत का?"

मागं-पुढं उभ्या असलेल्या लोकांचे डोळे पाणावले होते. एका बाईंनी काचेसमोर हात जोडले होते. मी नातीला खाली वाकून म्हणालो, "तुला काय दिसतंय ते आधी मला सांग. बाकीचं जेवताना बोलू."

तिनं नीट पाहिलं. नखं मोजली, अंगठ्या मोजल्या, मला आकडे सांगितले. मग विचारलं, "आणि आपली छत्री कुठंय?"

बाहेर सातारचा पाऊस धो धो कोसळत होता. छत्री मी आत यायच्या आधीच, कुणी सांगायची वाट न बघता, गाडीत ठेवून आलो होतो. आम्ही दोघंही चिंब भिजलो.